तबकडीचा शोध

प्रस्तावना

घड्याळ बिघडले म्हणजे ते बंद पडले, असे आपण सामान्यतः समजतो. परंतु कधी कधी घड्याळ चालू असते, काटे नियमाने फिरत असतात, आणि तरीही वेळ वाचता येत नाही. अंक पुसट झालेले असतात, पृष्ठभागावर डाग पडलेले असतात, रंगाचे पापुद्रे सुटलेले असतात. बिघाड यंत्रात नसतो, तबकडीत असतो. अशा वेळी दुसरी तबकडी शोधावी लागते. हे काम वरवर सोपे वाटते. प्रत्यक्षात त्याला माहिती लागते, चिकाटी लागते आणि थोडा प्रामाणिकपणाही लागतो. प्रस्तुत पाठात या शोधाची माहिती दिली आहे.

उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर तुम्हाला –
• मनगटी घड्याळाच्या तबकडीची रचना सांगता येईल;
• तबकडी खराब होण्याची कारणे स्पष्ट करता येतील;
• योग्य तबकडी निवडताना कोणत्या गोष्टी पाहाव्यात, हे क्रमाने लिहिता येईल;
• दुरुस्ती आणि बनावट यांतील फरक उदाहरणाने पटवून देता येईल.

मूळ पाठ

१. एक उदाहरण

इंदूरमधील एक मराठी कुटुंब आपण डोळ्यांसमोर आणू. घरातील आजोबा रेल्वेत नोकरीला होते. पहिल्या पगारातून साठवलेल्या पैशांत त्यांनी चावीचे एक ‘जनता’ घड्याळ घेतले आणि निवृत्त होईपर्यंत तेच मनगटावर बांधले. आजोबांच्या पश्चात ते घड्याळ पत्र्याच्या एका पेटीत पडून राहिले. एका पावसाळ्यात छत गळले आणि पेटीत पाणी शिरले. काही दिवसांनी नातीने घड्याळ बाहेर काढले, तेव्हा पांढऱ्या तबकडीवर तपकिरी डागांचा नकाशा उमटला होता. तीन, चार आणि पाच हे अंक जवळजवळ दिसेनासे झाले होते.

नातीने घड्याळ दुरुस्तीच्या दुकानात नेले. घड्याळजींनी मागचे झाकण उघडले, डोळ्याला भिंग लावले आणि यंत्र पाहून सांगितले, “ताई, मशीन उत्तम आहे. साफ करून तेल घातलं की चालेल. तबकडी मात्र गेली. नवी बसवून देतो, अगदी नव्यासारखं दिसेल.”

घरी आल्यावर नातीने हे आजीला सांगितले. आजी जरा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, “नव्यासारखं दिसेल खरं. पण तोंडच बदललं, तर ते त्यांचं घड्याळ म्हणून ओळखू येईल का गं?”

आजीचा हा प्रश्न साधा आहे. पण घड्याळ, वाडा, जुने हस्तलिखित किंवा मंदिरातील शिल्प यांपैकी कोणतीही वस्तू दुरुस्त करणाऱ्या प्रत्येकाला तो कधी ना कधी भेटतो. त्याचे उत्तर शोधण्यापूर्वी तबकडी म्हणजे नेमके काय, हे समजून घेणे आवश्यक आहे.

२. तबकडीची रचना

मनगटी घड्याळाची तबकडी म्हणजे बहुधा पितळेची एक पातळ चकती असते. तिची जाडी साधारणतः अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी असते. चकतीच्या मध्यभागी काट्यांसाठी छिद्र पाडलेले असते. पुढच्या बाजूला चांदीचा किंवा अन्य धातूचा मुलामा अथवा रंग देतात आणि त्यावर पारदर्शक लाखरोगणाचा पातळ थर चढवितात. अंक कधी छापलेले असतात, तर कधी धातूच्या बारीक पट्ट्या तबकडीला छिद्रे पाडून मागून पक्क्या बसविलेल्या असतात.

तबकडीवरील बारीक अक्षरे कशी छापतात, हे जाणून घेण्यासारखे आहे. धातूच्या सपाट पट्टीवर अक्षरे अतिशय उथळ कोरलेली असतात. त्या खाचांत शाई भरून वरची शाई पुसून टाकतात. मग एक मऊ गोळा त्या पट्टीवर दाबतात. हा गोळा पूर्वी जिलेटिनचा असे, पुढे सिलिकोन रबराचा आला. खाचांतील शाई गोळ्याला चिकटते आणि तोच गोळा तबकडीवर दाबला की अक्षरे तिच्यावर उतरतात. कारखान्यातील छपाई भिंगाखालीही रेखीव दिसते, ती या पद्धतीमुळे. हाताने रंगविलेली अक्षरे मात्र भिंगाखाली कडेला फुगलेली वा तुटक दिसतात. हा फरक लक्षात ठेवावा. पुढे त्याचा उपयोग होणार आहे.

जुन्या खिशातील घड्याळांच्या तबकड्या पुष्कळदा मिन्याच्या असत. तांब्याच्या चकतीवर काचेची पूड पसरून ती भट्टीत सुमारे ८०० अंश सेल्सिअस तापमानाला वितळवीत. अशी तबकडी शंभर वर्षांनंतरही पांढरीशुभ्र राहते. पण घड्याळ हातातून पडले तर तिला केसासारखी चीर जाते. पितळेची रंगविलेली तबकडी पडल्याने सहसा फुटत नाही. तिचा शत्रू ओलावा.

तबकडीचा सर्वांत महत्त्वाचा भाग मात्र दर्शनी बाजूस नसतो. तिच्या पाठीवर दोन बारीक खुंट्या असतात. यंत्राच्या मुख्य पट्टीत त्यांच्यासाठी दोन छिद्रे असतात. खुंट्या त्या छिद्रांत बसवून कडेने लहान स्क्रू आवळले की तबकडी जागच्या जागी घट्ट राहते. या खुंट्यांच्या जागा प्रत्येक यंत्रासाठी ठरलेल्या असतात. दोन तबकड्या समोरून अगदी सारख्या दिसत असल्या, तरी खुंट्यांच्या जागा वेगळ्या असतील तर एकीच्या ठिकाणी दुसरी बसत नाही.

३. तबकडी खराब का होते?

घड्याळाची काच सैल झाली, चावीच्या बटणाची खीळ झिजली किंवा मागचे झाकण नीट बसले नाही, तर आत दमट हवा शिरते. ओलावा लाखरोगणाखाली गेला की मुलामा काळवंडतो, रंगाला फोड येतात आणि डाग पसरू लागतात. सततच्या उन्हाने रंग फिका पडतो किंवा पिवळसर होतो. काही इजा माणसाच्या हातून होतात. काटे काढताना चिमटा घसरला की ओरखडा उमटतो. बोटांचा घाम तबकडीला लागला की काही काळाने तेथे ठसा दिसू लागतो.

सर्वांत मोठी चूक स्वच्छतेच्या हौसेपायी होते. डाग पुसावा म्हणून ओले फडके फिरविले की डागाऐवजी अक्षरेच निघून जातात, कारण छपाईची शाई वरच्या थरावर बसलेली असते. म्हणून जाणकार घड्याळजी तबकडीला बोट लावीत नाहीत. रबरी फुग्याने हवा मारून धूळ उडवितात आणि तेवढ्यावरच थांबतात.

अंधारात चमकणाऱ्या जुन्या तबकड्यांच्या बाबतीत आणखी एक दक्षता घ्यावी लागते. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अंकांवर व काट्यांवर लावण्याच्या चमकत्या रंगात रेडियम वापरीत. अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यातील ऑरेंज या गावी १९१७ पासून अशा तबकड्या रंगविण्याचे काम तरुण मुली करीत असत. कुंचल्याला टोक यावे म्हणून तो ओठांत धरण्यास त्यांना शिकविले जाई. त्यातून रेडियम शरीरात गेले, जबड्याची हाडे झडू लागली आणि अनेकींना प्राण गमवावे लागले. पाच कामगार स्त्रियांनी न्यायालयात दाद मागितली. १९२८ मध्ये त्या दाव्यात तडजोड होऊन त्यांना भरपाई मिळाली. रेडियमचे प्रमाण निम्मे होण्यास सुमारे १६०० वर्षे लागतात. त्यामुळे रंगाची चमक केव्हाच विझली असली, तरी किरणोत्सर्ग शिल्लक असतो. असा जुना रंग घरी खरवडू नये आणि त्याची पूड श्वासात जाऊ देऊ नये.

पाठगत प्रश्न १

(अ) कारखान्यात छापलेली अक्षरे आणि हाताने रंगविलेली अक्षरे भिंगाखाली वेगळी का दिसतात?
(आ) तबकडी ओल्या फडक्याने का पुसू नये?

४. शोधापूर्वीची तयारी

दुसरी तबकडी शोधण्यास निघण्यापूर्वी आपल्याकडे काय आहे, याची नोंद करणे हे पहिले काम होय. ही नोंद पुढील क्रमाने करावी.

पहिली गोष्ट, यंत्राचा क्रमांक. मागचे झाकण उघडले की यंत्रावर कोठेतरी बारीक अक्षरांत क्रमांक कोरलेला आढळतो. घड्याळाच्या नावापेक्षा हा क्रमांक अधिक विश्वसनीय असतो. एकाच नावाच्या घड्याळात वेगवेगळ्या काळी वेगवेगळी यंत्रे बसविलेली असू शकतात; आणि वेगवेगळ्या नावांच्या घड्याळांत एकच यंत्र असू शकते. आपल्या उदाहरणातील घड्याळात १७ ज्वेलचे ०२० क्रमांकाचे यंत्र होते. हेच यंत्र ‘जनता’प्रमाणे ‘पायलट’ या घड्याळातही वापरले गेले.

दुसरी गोष्ट, व्यास. तबकडी बाहेर काढून व्हर्नियर कॅलिपरने तिचा व्यास मोजावा. अर्ध्या मिलिमीटरचा फरकही येथे मोठा ठरतो. तबकडी मोठी असेल तर डबीत बसत नाही. लहान असेल तर कडेला फट दिसते. यंत्राचा आकार सांगताना घड्याळजी ‘लिन्य’ हे जुने फ्रेंच माप वापरतात. एक लिन्य म्हणजे सुमारे २.२६ मिलिमीटर.

तिसरी गोष्ट, खुंट्यांच्या जागा. तबकडी पालथी ठेवून दोन्ही खुंट्या कोठे आहेत, ते कागदावर रेखाटावे किंवा छायाचित्र घ्यावे.

चौथी गोष्ट, काटे आणि खिडकी. सेकंदकाटा मध्यभागी आहे की सहाच्या अंकाजवळ लहान वर्तुळात आहे, तारखेची खिडकी आहे की नाही, असल्यास कोणत्या बाजूस, हे लिहून ठेवावे. खिडकी किंचित सरकलेली असली तरी तारीख अर्धी कापलेली दिसते. नवी तबकडी जुनीपेक्षा जाड असेल, तर तासकाटा तिला घासण्याची शक्यता असते. म्हणून जाडीही पाहावी.

ही सर्व माहिती एका कागदावर असली, तर शोध निम्मा झाला असे समजावे. कारण दुकानदाराला “अशीच पांढरी तबकडी द्या” असे सांगणे आणि रोगाचे नाव न सांगता “पांढरी गोळी द्या” असे औषधाच्या दुकानात सांगणे, यांत फारसा फरक नाही.

५. कारखाना आणि त्याचा इतिहास

तबकडी कोठे मिळेल, हे घड्याळ कोणी व केव्हा बनविले यावर अवलंबून असते. त्यासाठी ‘जनता’ घड्याळाचा थोडा इतिहास पाहू.

स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दशकात भारतीयांच्या मनगटांवर मुख्यतः परदेशी घड्याळे असत. फावर ल्युबा, वेस्ट एंड, रोमर ही स्विस नावे आपल्याकडे घरोघरी परिचित होती. हिंदुस्तान मशीन टूल्स म्हणजेच एचएमटी ही सरकारी कंपनी १९५३ मध्ये बंगळुरू येथे स्थापन झाली. तिने १९६१ मध्ये जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने घड्याळांचा कारखाना उभारला. तेथे तयार झालेल्या घड्याळांचा पहिला संच तत्कालीन पंतप्रधान पंडित जवाहरलाल नेहरू यांच्या हस्ते प्रकाशित झाला. पुढे तुमकूर, श्रीनगर आणि नैनिताल जिल्ह्यातील राणीबाग येथेही कारखाने निघाले. ‘जनता’, ‘पायलट’, ‘सोना’, ‘कोहिनूर’, ‘कांचन’ ही घड्याळे लग्नात, परीक्षेतील यशाबद्दल आणि निवृत्तीच्या वेळी भेट म्हणून दिली जाऊ लागली. काही ‘जनता’ घड्याळांच्या तबकडीवर नाव देवनागरी लिपीत छापलेले असे. अंध व्यक्तींसाठी स्पर्शाने वेळ ओळखता येईल अशी ब्रेल घड्याळेही या कंपनीने काढली.

पुढे काळ बदलला. जपानच्या सायको कंपनीने डिसेंबर १९६९ मध्ये क्वार्ट्झ स्फटिकावर चालणारे पहिले मनगटी घड्याळ बाजारात आणले होते. भारतात १९८४ मध्ये टायटन कंपनी स्थापन झाली आणि तिने क्वार्ट्झ घड्याळांवर भर दिला. रोज चावी द्यावी लागणारी घड्याळे हळूहळू मागे पडली. अखेर २०१६ च्या जानेवारीत केंद्रीय मंत्रिमंडळाने एचएमटीची घड्याळ कंपनी बंद करण्यास मान्यता दिली.

कारखाना बंद झाल्याचा परिणाम केवळ नव्या घड्याळांवर झाला असे नाही. जुन्या घड्याळांना सुटे भाग पुरविणारा मूळ झराच आटला. तरीही घड्याळे लाखोंच्या संख्येने घरांत शिल्लक आहेत. म्हणून तबकडीचा शोध आज कारखान्याच्या दारात सुरू होत नाही. तो जुन्या दुकानांच्या खणांत सुरू होतो.

६. तबकडी कोठे मिळते?

मूळ तबकडी मिळण्याचे प्रामुख्याने दोन मार्ग आहेत. पहिला मार्ग म्हणजे जुना शिल्लक माल. पूर्वी सुटे भाग विकणाऱ्या काही दुकानदारांकडे कारखान्यातून आलेल्या, कधीही न वापरलेल्या तबकड्या कागदाच्या पुड्यांत राहिलेल्या असतात. अशा दुकानदारांपर्यंत पोहोचण्याचा रस्ता बहुधा गावातील वयस्क घड्याळजींकडूनच जातो. कोणाकडे काय शिल्लक आहे, हे त्यांना ठाऊक असते.

दुसरा मार्ग म्हणजे दाता घड्याळ. ज्याचे यंत्र निकामी झाले आहे, पण तबकडी चांगली आहे, असे त्याच जातीचे घड्याळ शोधून त्याची तबकडी काढून घेतात. मुंबईचा चोरबाजार, कोलकात्याचा राधाबाजार यांसारख्या ठिकाणी जुनी घड्याळे विकणारे दुकानदार आढळतात. येथे घाई करू नये. भिंग आणि आपली नोंद बरोबर न्यावी. शक्य असल्यास विक्रेत्याला झाकण उघडून दाखविण्याची विनंती करावी. चांगले चालणारे, सुस्थितीतील घड्याळ केवळ तबकडीसाठी मोडणे मात्र योग्य नव्हे. एक जुने घड्याळ वाचविण्यासाठी दुसरे मारले, तर हिशेब शून्यच उरतो.

७. खरी तबकडी आणि बनावट तबकडी

या शोधात फसगत होण्याचा संभव मोठा असतो. बाजारात पुष्कळ तबकड्या पुन्हा रंगविलेल्या किंवा नव्याने छापलेल्या असतात. त्या ओळखण्याच्या काही खुणा आहेत. अक्षरांच्या कडा भिंगाखाली रेखीव आहेत का? मिनिटांच्या रेघा तासांच्या चिन्हांशी नेमक्या जुळतात का? कंपनीचे नाव व बोधचिन्ह यांचा आकार मूळ घड्याळाप्रमाणे आहे का? डबी झिजलेली असताना तबकडी मात्र आजच छापल्यासारखी लकाकते का? आणि भडक नारिंगी, जांभळा असा जो रंग दिसतो, तो कारखान्याने कधी काढला होता का? या प्रश्नांची उत्तरे शंका निर्माण करणारी असतील, तर सावध राहावे.

खुंट्यांकडेही लक्ष द्यावे. न जुळणारी तबकडी बसविण्यासाठी काही जण तिच्या खुंट्या कापून टाकतात आणि ती गोंदाने यंत्रावर चिकटवितात. काही महिन्यांनी गोंद सुटतो, तबकडी सरकते, काटे अडतात आणि घड्याळ बंद पडते. खुंट्या नव्याने झाळून बसविता येतात. परंतु त्या उष्णतेने पुढच्या बाजूचा रंग करपण्याचा धोका असतो.

परदेशांतील जुन्या घड्याळांच्या संग्राहकांमध्ये ‘मुंबई स्पेशल’ असा एक शब्दप्रयोग रूढ आहे. भारतातून आलेले, तबकडी नव्याने व भडकपणे रंगविलेले आणि वेगवेगळ्या घड्याळांचे भाग एकत्र करून जुळविलेले घड्याळ, असा त्याचा अर्थ. मराठी माणसाला हे नाव खटकणे साहजिक आहे. मात्र या नावामागील दोन बाजू वेगळ्या करून पाहिल्या पाहिजेत. सुटे भाग मिळत नसताना, अत्यंत साध्या साधनांनी, गिऱ्हाइकाचे एकुलते एक घड्याळ चालू ठेवणे हे कारागिरांचे कसब होते. ज्या घरात दुसरे घड्याळ घेण्याची ऐपत नव्हती, तेथे रंगविलेली तबकडी ही फसवणूक नव्हती, ती सोय होती. पुढे तेच कसब वापरून, रंगविलेले घड्याळ ‘मूळ स्थितीतील’ म्हणून दूरच्या गिऱ्हाइकाला विकले जाऊ लागले, तेव्हा बदनामी झाली. दोष रंगाच्या कुंचल्याचा नाही. रंगविले हे न सांगण्याचा आहे.

पाठगत प्रश्न २

(अ) घड्याळाच्या नावापेक्षा यंत्राचा क्रमांक अधिक महत्त्वाचा का?
(आ) ‘दोष रंगाच्या कुंचल्याचा नाही’ या विधानाचा अर्थ स्वतःच्या शब्दांत लिहा.

८. कोणता मार्ग निवडावा?

खराब तबकडीच्या बाबतीत चार मार्ग संभवतात. पहिला, तबकडी आहे तशी ठेवणे. डाग असूनही वेळ वाचता येत असेल, तर हाच मार्ग उत्तम. ओलावा आत येऊ नये म्हणून काच व बटण दुरुस्त केले की डाग पसरण्याचा वेग कमी होतो. दुसरा, मूळ जातीची तबकडी मिळवून ती बसविणे. तिसरा, आहे तीच तबकडी पुन्हा रंगवून व छापून घेणे. यात तबकडी तीच राहते, पण जुना पृष्ठभाग खरवडला जातो आणि तो परत मिळत नाही. चौथा, नव्याने छापलेली तबकडी बसविणे. स्वस्त आणि सोपा असा हा मार्ग आहे. मात्र घड्याळाचा इतिहास त्यात सर्वांत अधिक हरवतो.

या चारांतून निवड करताना वास्तुजतनाच्या क्षेत्रातील एक तत्त्व उपयोगी पडते. ऐतिहासिक वास्तूंच्या जतनासाठी १९६४ मध्ये व्हेनिस येथे एक सनद तयार झाली. नाहीशा झालेल्या भागाच्या जागी नवा भाग बसविताना तो संपूर्ण वास्तूशी सुसंगत असावा, तथापि तो मूळ भागाहून वेगळा ओळखता यावा. दुरुस्तीमुळे इतिहासाचा पुरावा खोटा ठरू नये, असे त्या सनदेत म्हटले आहे. मनगटी घड्याळ ही काही वास्तू नव्हे. तरीपण तत्त्व तेच लागू होते: जे परत फिरविता येईल तेवढेच करावे, जे काढले ते जपावे आणि जे केले ते लिहून ठेवावे.

९. उदाहरणाचा शेवट

आता पुन्हा इंदूरच्या त्या घरी जाऊ. नातीने घड्याळजींना विचारले, “काका, रंगवलेली नको. मूळची मिळेपर्यंत थांबले तर चालेल ना?” घड्याळजींनी होकार दिला. यंत्र साफ करून, तेल घालून त्यांनी ते पुन्हा डबीत बसविले. नातीने यंत्राचा क्रमांक, तबकडीचा व्यास आणि खुंट्यांचे रेखाटन एका वहीत उतरवून घेतले. काही महिने शोध चालला. दोन तबकड्या आल्या आणि परत गेल्या. एकीची छपाई हाताची निघाली, दुसरीच्या खुंट्या कापलेल्या होत्या. शेवटी घड्याळजींच्या ओळखीच्या एका दुकानात यंत्र मोडलेले एक ‘जनता’ सापडले. त्याची तबकडी पूर्ण नवी नव्हती. कालौघात ती किंचित पिवळसर झाली होती. पण अंक स्वच्छ होते आणि खुंट्या यंत्राच्या छिद्रांत न अडखळता बसल्या.

जुनी डागाळलेली तबकडी नातीने टाकून दिली नाही. मऊ कागदात गुंडाळून ती एका लहान डबीत ठेवली आणि बरोबर एक चिठ्ठी घातली. तबकडी कोणत्या वर्षी बदलली, का बदलली आणि नवी कोठून मिळाली, एवढेच त्या चिठ्ठीत लिहिले होते. आजीने घड्याळ हातात घेतले. प्रथम तिने चेहरा पाहिला नाही. ते कानाशी नेले. मग म्हणाली, “आवाज तोच आहे.” आणि थोड्या वेळाने, “ती जुनी तबकडीही याच कपाटात ठेव. दोन्ही एकत्र राहू देत.”

आजीच्या प्रश्नाचे उत्तर या वाक्यात आहे. वस्तूचा एखादा भाग बदलल्याने तिची ओळख नाहीशी होत नाही. बदल लपविल्याने होते. तबकडी बदललेले घड्याळ आजोबांचेच राहते, कारण काय बदलले हे घरातल्या सर्वांना माहीत असते आणि पुढच्या पिढीलाही ते वाचता येईल. दुरुस्ती म्हणजे वस्तूचे वय पुसणे नव्हे. तिचे आयुष्य वाढविणे आणि त्या आयुष्याची खरी नोंद ठेवणे, ही दुरुस्ती होय.

आपण काय शिकलो?

• तबकडी ही पातळ धातूची चकती असून तिच्या पाठीवरील खुंट्या यंत्राशी जुळाव्या लागतात.
• ओलावा, ऊन आणि चुकीची स्वच्छता ही तबकडी खराब होण्याची मुख्य कारणे आहेत.
• शोधापूर्वी यंत्राचा क्रमांक, व्यास, जाडी, खुंट्यांच्या जागा, काटे व खिडकी यांची नोंद करावी.
• जुना शिल्लक माल आणि निकामी झालेले त्याच जातीचे घड्याळ, हे मूळ तबकडी मिळविण्याचे मार्ग आहेत.
• मूळ भाग जपून ठेवणे आणि बदलाची नोंद करणे हे प्रामाणिक दुरुस्तीचे लक्षण आहे.

शब्दार्थ

तबकडी – घड्याळाचा अंक असलेला दर्शनी भाग
मिना – धातूवर वितळवून बसविलेला काचेचा रंगीत थर
झाळणे – धातूचे दोन भाग उष्णतेने जोडणे
सनद – सर्वमान्य नियमांचा लेख
कसब – हस्तकौशल्य

स्वाध्याय

१. एचएमटी कंपनीच्या घड्याळनिर्मितीचा इतिहास आठ ते दहा ओळींत लिहा.
२. खराब तबकडीच्या बाबतीत संभवणारे चार मार्ग सांगून प्रत्येकाचा एक गुण व एक दोष लिहा.
३. ‘मुंबई स्पेशल’ या शब्दप्रयोगाच्या दोन बाजू स्पष्ट करा.
४. आजीने घड्याळ प्रथम कानाशी का नेले असावे? तुमचे मत लिहा.
५. तुमच्या घरातील एखाद्या जुन्या, दुरुस्त केलेल्या वस्तूविषयी घरातील वडीलधाऱ्यांना विचारा आणि तिच्यातील कोणता भाग केव्हा व का बदलला, याची एक पानाची नोंद तयार करा.